डाऊन गाडी

मुंबईकडे जाते ती अप,
मुंबईपासून लांब जाते ती डाऊन.
बत्तीस वर्षं नाशिकरोडला राहून
हे मला माहीत नव्हतं.
पिपरियाची तिकिटं काढताना कळलं.
खाली म्हणत म्हणत
आम्ही चौघी चढणार होतो.

पहाटे साडेपाच. गाडी पन्नास मिनिटं लेट.
गांगुर्डेने नवऱ्याची माकडटोपी घातलीय
आणि त्यातून दिसेल एवढी लिपस्टिक.
बिल्किसच्या थर्मासचं झाकण गेल्या सहलीत हरवलं,
म्हणून तोंडावर वाटी, वाटीवर ओला रुमाल,
रुमालाला रबर.
खैरनार माझ्याशी बोलत नाही.
खिडकीवरून.
गाडी अजून यायचीय.

आम्ही नोटा मोजायचो. दुसऱ्यांच्या.
म्हणजे अख्ख्या देशाच्या.
रिटायर होऊनही हात सुटत नाही त्यातून.
ओढा गेलं तशी बिल्किस
रुळांकडेचे खांब मोजू लागली,
ओठ न हलवता.
शंभर झाले की अंगठा त्या ओल्या रुमालाला टेकवते
आणि क्षणभर थांबते,
कागदी पट्टी बांधायची असल्यासारखी.

गोदावरी नुसती ऐकू आली.
पुलाचा खडखडाट झाला, खाली वाफ होती,
गांगुर्डेने तरी रुपया टाकला.
पडल्याचा आवाज आला नाही
म्हणून हळहळली थोडी.

खेरवाडीच्या पुढे गाडी थांबली.
बाहेर सगळं पांढरं.
"हे बघायला आलो का गं आपण?
हे तर माझ्या मोतीबिंदूतही दिसत होतं."

मग त्या पांढऱ्यात एक लाल ठिपका.
त्याच्या शेजारी दुसरा.
मग ओळच.
निफाडचा पारा चारवर आला
की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या ठेवतात,
बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवावी तशा.
धूर जमीन सोडत नव्हता.
कांबळं पांघरलेला एकजण वेलींमधून चालला होता.
तो वेलींशी बोलत होता की बिडी ओढत होता,
कळलं नाही.
थंडीत दोन्ही सारखंच दिसतं.

"सरक."
खैरनारचा पहाटेपासूनचा पहिला शब्द.
अर्धी माझ्या मांडीवर वाकून
तिने काचेवर बोट ठेवलं, उगावच्या दिशेला.
"अण्णा मला तीनला उठवायचे.
बागेतलं थर्मामीटर वाचायला.
घरात आकडे मलाच कळायचे ना.
पाचच्या खाली गेला की मी ओरडायचे,
आणि मग सगळे भाऊ काड्यापेट्या घेऊन पळायचे."
"म्हणून प्रेसमध्ये लागलीस?"
"छे. वशिल्याने."

बिल्किस खांब विसरली.
हसता हसता चहा सांडला तो वाटीतच सांडला,
तो आम्ही वाटून प्यायलो.
खिडकी मी परत मागितली नाही.
तिनेही दिली नाही.

लासलगावला रांगड्या कांद्याचा वास
डब्यात चढला आणि बसायला जागा मागू लागला.
समिट नावाचं स्टेशन आलं.
कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही.
एका कुत्र्यावर ऊन पडलं होतं.
चढ इथे संपतो म्हणे.

मनमाडला पाय मोकळे करायला उतरलो
आणि डब्याच्या दारातच
खैरनारचे दोन्ही हात आपोआप वर गेले.
बत्तीस वर्षं रोज गेटवर झडती :
हात वर, पदर झटक, डबा उघड, जा.
मागे आम्हीही तशाच उभ्या,
हात अर्धे वर,
आणि खाली एक चहावाला
कोण पकडलं म्हणून बघतोय.

पिपरिया अजून नऊ तास लांब होतं.
फलाटावर मी स्वेटरची बाही नाकाशी नेली.
धूर.
नीट न लागणाऱ्या त्या खिडकीतून
कधी येऊन बसला होता कोण जाणे.

गेटवरच्या बाईला हा सापडला नसता.